जुना वाडा यादीत गेला, तर मालकाचं काय उरतं?



उसाचा दर, तोडणीची पाळी आणि कॅनॉलचं आवर्तन हे तीन विषय संपले, की आपल्या भागातल्या कुठल्याही बैठकीत चौथा विषय निघतो तो घराचा. कुणाच्या वाड्याची मागची भिंत पावसात बसली, कुणी माळवद उतरवून स्लॅब टाकला, कुणाच्या चार भावांच्या वाटण्यांत सोप्याचे सागवानी खांबसुद्धा मोजून वाटले गेले. त्यातच कुणीतरी म्हणतं, अमक्या गावचा वाडा आता सरकार स्मारक करणार म्हणं. लगेच दुसरा उत्तर देतो, “मग गेलाच की तो हातचा! एकदा सरकारी पाटी लागली, की मालकाला खिळा ठोकायचीबी चोरी.”

ह्या बोलण्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं ऐकीव आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या बहुतेक गावांत शंभर-दीडशे वर्षांचे एक-दोन तरी वाडे अजून उभे आहेत. त्यांतले सगळेच जपण्याजोगे आहेत असं कुणी म्हणणार नाही. पण जे आहेत त्यांचा निर्णय घर उभं आहे तोवरच घेता येतो, म्हणून हा विषय ह्या अंकात घेतला आहे. नुसते कायद्याचे नियम सांगत बसलो तर तुम्ही पान उलटाल, हे आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा आधी पुण्यातल्या दोन घरांची हकिगत पाहू. दोन्ही घरं एकाच माणसाच्या कामाशी जोडलेली. एक उभं राहिलं, दुसरं जमीनदोस्त झालं.

तो माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. आपल्यापैकी कित्येकांच्या रानात ‘फुले २६५’ उभा आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं काढलेला हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा, म्हणून त्याच्या नावात ‘फुले’ आले. बेणं आणताना, लागणीची नोंद करताना आपण हे नाव दहादा घेतो. पण ज्यांचं ते नाव, त्यांचं घर पाहिलेले सभासद हात वर करा म्हटलं, तर फार हात वर येतील असं वाटत नाही.

गंज पेठेतलं बैठं घर

पुण्याच्या जुन्या गंज पेठेत, जिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात, हे घर आहे. ‘फुले वाडा’ ह्या नावानं ते प्रसिद्ध आहे, पण वाडा ह्या शब्दानं फसू नका. दिंडी-दरवाजा, नगारखाना, दुमजली चौक असलं काही तिथं नाही. साधं एकमजली, बैठं घर. आपल्याकडच्या बऱ्याच सभासदांच्या जुन्या घरांना ह्याहून जास्त खण असतील. साधारण १८५२ च्या सुमाराचं हे बांधकाम. मागच्या अंगणात विहीर आहे, तुळशीवृंदावन आहे.

मोठेपण दगडविटांत नाही, तिथं जे घडलं त्यात आहे. १८४९ साली मुलींना शिकवण्याच्या कामावरून वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाईंना ह्याच गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला. पुढं जोडप्यानं स्वतःचं बिऱ्हाड केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी लाजेपोटी जीव देऊ नये, पोटच्या पोराचा जीव घेऊ नये, म्हणून १८६३ साली जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते घरातच. बाळंतपणं सावित्रीबाई करीत. तिथंच जन्मलेलं एक मूल त्यांनी दत्तक घेतलं, त्याचं नाव यशवंत ठेवलं आणि त्याला डॉक्टर केलं. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. त्या काळी पाण्यावरून माणसाची जात ठरत होती, हे ध्यानात घेतलं म्हणजे हौद खुला करणं ही केवढी मोठी गोष्ट होती ते कळतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं आणखी एक बाब आहे, ती सहसा सांगितली जात नाही. जोतीराव नुसते लिहिणारे-बोलणारे नव्हते, ते धंदा करून आणि शेती करून जगणारे गृहस्थ होते. पुण्याजवळच्या धरणाच्या बांधकामाला त्यांनी साहित्य पुरवलं. मांजरीला त्यांची शेती होती. १८७६ ते १८८३ ह्या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं, त्याच्या शेवटी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली आणि पत्ता घातला तो जुन्या गंज पेठेचा. म्हणजे आज जिथं पाटी लागली आहे, ती पेठ त्यांनी स्वतःच्या हातानं सरकारदरबारी नोंदवून ठेवलेली आहे. ऐतिहासिक घराला ह्याहून चांगला पुरावा तो काय असायचा!

‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ सालचा. रानातलं पावसाचं पाणी वाहून जाऊ नये म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, ते सरकारनं फौजेतल्या आणि पोलिसांतल्या शिपायांकडून घालून घ्यावेत, तळी-धरणं बांधावीत, चांगल्या जातीची मेंढरं-बकरी आणावीत, शेतीची प्रदर्शनं आणि नांगरटीच्या स्पर्धा भरवाव्यात, शेतकऱ्यांची पोरं परदेशातल्या शेतकी शाळा पाहायला पाठवावीत, अशा सूचना त्यात आहेत. पाणलोटाचं काम आपल्याकडं आलं ते कितीतरी वर्षांनी! असो.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. त्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात निकामी झाला. तेव्हा डाव्या हातानं त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. आपल्या देहाला अग्नी न देता घरामागं मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती, त्यासाठी खड्डाही त्यांनी हयातीत काढून ठेवला होता. राहत्या वस्तीत पुरण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. मग दहन करावं लागलं. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. अस्थी मात्र घरामागच्या त्याच जागी ठेवण्यात आल्या. आज जे वृंदावन दिसतं ते ह्या जागेवर. जिवंतपणी ज्या नगरपालिकेत ते सभासद म्हणून बसले, तिनंच मरणोत्तर नियम दाखवला, ही गोष्ट वाचताना आजही चुटपुट लागते.

सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. पुढच्या काळात घर कुटुंबाच्या हातून गेलं. पण सुदैव असं, की ते कुणी पाडलं नाही. सत्तरच्या दशकात राज्य शासनानं ते संरक्षित स्मारक केलं आणि १९९३ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आलं. म्हणून आज गंज पेठेच्या गल्लीत आपण त्याच उंबऱ्यावरून आत जाऊ शकतो.

भिडे वाड्याचं काय झालं?

आता दुसरं घर. बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. १८४८ साली फुले दाम्पत्यानं मुलींची शाळा काढली ती इथं. तात्यासाहेब भिडे यांनी आपल्या वाड्यात जागा दिली, म्हणून ती भरली. मुलींना शाळेत पाठवायचं म्हणजे धर्म बुडाला असं समजणाऱ्या पुण्यात, भर पेठेत एका घरमालकानं हे धाडस केलं. आज आपल्या घरची सून ग्रामपंचायतीत बसते, लेक कृषी पदवीधर होते, त्याची एक वाट ह्या वाड्याच्या दारातून निघालेली आहे.

पण ह्या वाड्याच्या वाट्याला वेळेवर संरक्षण आलं नाही. मध्य वस्तीतली मोक्याची जागा. खाली दुकानं, वर मोडकळीला आलेलं लाकूडकाम, मालक निराळे, भाडेकरू निराळे. २००६ साली पुणे महानगरपालिकेनं जागा घेऊन स्मारक करण्याचा ठराव केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथं राहिलं. दुकानदारांची बाजू अगदीच खोटी होती असं म्हणता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका नोटिशीत उठवायचा, तर माणूस भांडणारच. आपली जमीन कॅनॉलखाली गेली तेव्हा आपणही कचेरीत खेटे घातलेच की! अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकेच्या बाजूनं निकाल दिला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत, पोलीस बंदोबस्तात, वाडा पाडून जागा मोकळी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या स्मारकाचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीनं झालं.

स्मारक होईल, ते चांगलंही होईल. त्याबद्दल आनंदच आहे. पण ज्या खोलीत त्या पोरी बसल्या ती खोली आता नाही. ठरावापासून निकालापर्यंत सतरा वर्षं गेली, आणि तोवर इमारत अशी झाली होती, की सांभाळावं काय हा प्रश्नच उरला नाही. नवं स्मारक बांधणं आणि जुनं घर राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पैशानं कधीही होतं. दुसऱ्याला वेळेची मर्यादा असते, आणि ती मर्यादा बहुधा पावसाळा ठरवतो.

फुले वाड्याच्या शेजाऱ्यांचीही एक बाजू आहे. हा वाडा आणि जवळचं सावित्रीबाईंचं स्मारक जोडून मोठा परिसर करायचा, म्हणून मधली घरं घेण्याचं काम महापालिकेनं हाती घेतलं आहे. ती छोटी छोटी घरं आहेत, पोट भरणाऱ्या लोकांची आहेत. ज्यांनी आपला हौद दुसऱ्यांसाठी उघडला त्यांच्या स्मारकाच्या शेजारच्यांना चांगली पर्यायी घरं, तीही शक्यतो जवळच, आधी मिळाली पाहिजेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

शेजाऱ्यांचं म्हणणं किती जड असतं, याचा अनुभव आपल्या राज्य शासनाला साता समुद्रापलीकडंही आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास लंडनला शिकत असताना किंग हेन्री रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहिले होते. हे घर महाराष्ट्र शासनानं २०१५ साली विकत घेतलं आणि त्याचं स्मारक केलं. पण तिथली कॅम्डेन नगर परिषद म्हणाली, राहत्या घराचं संग्रहालय करायला आमची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली आणि २०१८ साली परवानगी नाकारली गेली. सरकार मालक असूनही! अपील झालं, २०१९ साली सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी मंजुरी दिली. विलायतेत सुद्धा घराचं स्मारक करायचं तर स्थानिक संस्थेपुढं उभं राहावं लागतं, हे सांगायला एवढं पुरे.

कुठली यादी, कुणाचा शिक्का

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. ‘सरकारी यादी’ असं आपण सरसकट म्हणतो, पण याद्या तीन प्रकारच्या आहेत आणि तिन्हींचा जाच व फायदा निराळा आहे.

केंद्राची यादी आपल्या वाड्यांच्या कामाची नाही. तिथं लेणी, किल्ले, मोठी देवळं असतात. वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढं दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट, असा कडक नियम आहे. लोकांच्या मनात जी भीती बसली आहे, ती मुख्यतः ह्या नियमाची. दुसऱ्या गावात ऐकलेली गोष्ट आपल्या वाड्याला चिकटते.

दुसरी राज्याची. महाराष्ट्राचा ह्या विषयावरचा अधिनियम १९६० सालचा आहे आणि काम पाहतं ते पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. फुले वाडा ह्याच यादीतला. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे गावी आजोळी झाला, ते घरही राज्य संरक्षित आहे. एखादी वास्तू संरक्षित करायची असेल तर शासन आधी तसा इरादा राजपत्रात जाहीर करतं, त्याची प्रत वास्तूजवळ लावतं आणि हितसंबंधितांना हरकती घ्यायला दोन महिन्यांची मुदत देतं. हरकतींचा विचार करून मगच अंतिम अधिसूचना निघते. म्हणजे रातोरात पाटी लागत नाही. ही दोन महिन्यांची मुदत सभासदांनी पक्की ध्यानात ठेवावी. पुण्या-मुंबईला असलेल्या भावाला, माहेरवाशीण बहिणीला त्याच मुदतीत कळवावं लागतं, नंतर बोंब मारून उपयोग नसतो.

संरक्षित झालं म्हणजे मालकी गेली, असं नव्हे. शासन ते विकत घेऊ शकतं, भाडेपट्ट्यानं घेऊ शकतं, बक्षीसपत्रानं स्वीकारू शकतं. पण मालकानं मालकी आपल्याकडं ठेवून नुसतं पालकत्व शासनाला द्यायचं, किंवा देखभाल कुणी करायची, लोकांना कधी आत सोडायचं याचा लेखी करार करायचा, हीही वाट कायद्यात आहे. मात्र परवानगीवाचून पाडता येत नाही, मोडतोड करता येत नाही, आणि घर जाणूनबुजून कुजू दिलं तर सक्तीनं संपादन करण्याचा अधिकार शासनाला आहे. हा जो शेवटचा मुद्दा, तो सही करण्याआधी वकिलाकडून नीट समजून घ्यावा.

आणि एक कडू गोष्ट. संरक्षित झालं म्हणजे दुरुस्ती आपोआप होते, अशा समजुतीत राहू नये. देवराष्ट्रेच्या घराच्याही पडझडीच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. ज्या घरानं राज्याला पहिला मुख्यमंत्री दिला त्याची ही गत, तर आपल्या पाटलाच्या वाड्याला मुंबईहून कोण छत्री धरणार? गावानं पाठपुरावा ठेवला तरच फाईल हलते.

तिसरी यादी स्थानिक, म्हणजे महापालिकेची किंवा नगरपालिकेची. नगररचनेच्या नियमांत वारसा वास्तू म्हणून नोंद होते. मुंबईनं १९९५ साली असे नियम केले, ते देशातले पहिले. तिथं तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत जवळपास काही बदलता येत नाही. दुसरीत आतले बदल समितीच्या संमतीनं होतात. तिसरीत आणखी सवलत, घर वापरतं ठेवता येतं. जागेवर वाढीव बांधकाम करता आलं नाही, तर तेवढा बांधकाम हक्क दुसरीकडं वापरायची वा विकायची सोय मुंबईत ठेवली आहे. मोठ्या शहरात त्याला किंमत येते. तालुक्याच्या गावी ती कितपत येईल, हा ज्याचा त्यानं हिशेब करावा. पुण्यालाही अशी यादी आणि समिती आहे.

आणि आपलं गावठाण? तिथं बहुतेक ठिकाणी अशी यादीच नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या अधिकारात वाडा ‘संरक्षित’ करता येत नाही. पण ग्रामसभेचा ठराव झाला, की प्रस्तावाला पहिला कागद मिळतो आणि पुढं जिल्ह्याला, संचालनालयाला जाताना ‘हे गावाचं म्हणणं आहे’ असं सांगता येतं. एकट्या मालकाचा अर्ज आणि गावाचा ठराव यांत फरक पडतो.

वाडा कशाला म्हणून जपायचा?

इथं आम्ही सभासदांशी मोकळेपणानं बोलतो. जुनं ते सगळं ऐतिहासिक नसतं. पणजोबांनी बांधलं, नक्षी छान आहे, एवढ्यानं शासन दखल घेत नाही आणि घेऊही नये. घरात पोरं वाढली, जागा पुरेना, खालून ओल, वरून गळती, अशा वेळी कुटुंबानं नवं घर बांधलं तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. वाड्यात राहणं किती जिवावर येतं, ते राहणाऱ्या बाईला विचारावं. दर पावसाळ्याआधी माळवदावर माती ओढायची, उंदीर-घुशींनी पोखरलेली भिंत लिंपायची, ह्या कामाला आता गडीमाणूसही मिळत नाही.

पण काही घरं अशी असतात, की त्यांच्याशी गावाचं काहीतरी जोडलेलं असतं. सत्यशोधकांची सभा भरली ती ओसरी. बेचाळीस साली भूमिगतांना भाकरी पोचली ते माजघर. गावची पहिली शाळा भरली तो सोपा. पहिल्या सोसायटीची पेटी ठेवली ती खोली. आपल्या सहकाराची पाळंमुळं अशाच ओसऱ्यांवर रुजली, कारण तेव्हा सभा घ्यायला दुसरी जागाच नव्हती. असं घर लहान असो, मोठं असो, फुले वाड्यासारखं बैठं असो, त्याची चौकशी व्हायला हवी.

चौकशी म्हणजे पुरावा. ‘आमचे आजोबा सांगायचे’ ही सुरुवात झाली, तो पुरावा नव्हे. घराच्या मागच्या कोनाड्यात, देवघराच्या पेटीत मोडी कागदांचं दप्तर असतं, ते बहुधा रद्दीत जातं किंवा बंबात. कृपा करून ते जाळू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या सरकारी पुराभिलेखागारांत जुने कागद पाहायला मिळतात. शाळेचं जुनं हजेरीपुस्तक, सोसायटीचं प्रोसिडिंग बुक, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, जुने फोटो, घराचा मोजून काढलेला नकाशा, हे सगळं एका फाईलीत जमलं पाहिजे. आणि ऐंशीच्या घरातली जी माणसं गावात आहेत त्यांची आठवण नाव, गाव, तारीख घालून लिहून घ्यावी, सही घ्यावी. ह्या कामाला उद्यावर टाकण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, वारस. निम्मे प्रस्ताव इथंच अडकतात असं अनुभवी मंडळी सांगतात. वाडा पणजोबांच्या नावावर, हिस्सेदार सतरा, त्यांतले चार अमेरिकेत, दोघांत बोलणं बंद. गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन आता मिळकत पत्रिका मिळत आहेत. त्या निमित्तानं वारस नोंदी लावून घ्याव्यात, मुलींची नावं वगळू नयेत. सावित्रीबाईंचं नाव घेऊन घर जपायचं आणि बहिणीला हक्कसोड पत्रावर अंगठा द्यायला लावायचा, हे बरं दिसत नाही.

तोवर वाड्याचं काय करायचं? फाईल सरकेपर्यंत चार-पाच पावसाळे सहज जातात. गवंडी येतो आणि सांगतो, सिमेंटचा गिलावा मारू, काम पक्कं. तिथंच घोटाळा होतो. पांढरी माती आणि चुना यांत बांधलेली भिंत ओल घेते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंट थापलं, की ओल आतच कोंडते, भिंत फुगते आणि दोन-तीन वर्षांत पोपडा घेऊन खाली येते. चुन्याची भिंत चुन्यानंच दुरुस्त करावी. आणि बरं का, जुन्या गवंड्यांच्या चुन्यात काय पडायचं? हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी! म्हणजे हे वाडे उभे राहिले त्यात आपल्या गुऱ्हाळाचाही वाटा आहे. पन्हळीतलं पाणी जोत्यापासून लांब काढून द्यावं, जोत्यालगतची बाभळ-पिंपळाची रोपं लहान असतानाच उपटावीत, कौलं दरसाल शाकारावीत. खर्च फार नाही, लक्ष द्यावं लागतं.

आणखी एक सावधगिरीची सूचना. हल्ली जुनी दारं, खांब, तुळया, कडीपाट विकत घेणारे दलाल गावोगाव फिरतात. कोरीव चौकटीला रोख पैसे मोजतात आणि टेम्पोत घालून नेतात, पुढं ती कुठल्या तरी हॉटेलात बसते. विकणं न विकणं मालकाच्या मर्जीचं आहे. एवढंच सांगतो, की खांब काढला की वरचा मजला त्याच पावसाळ्यात खाली येतो, आणि खांब-दारं गेलेल्या वाड्याचा प्रस्ताव कुठलाही अधिकारी पुढं नेत नाही. विकायचंच असेल तर आधी फोटो आणि मापं तरी काढून ठेवा.

ज्यांच्या गावात असं घर आहे असं वाटतं, त्या सभासदांनी घराचा एक फोटो, मालकांची नावं आणि तिथं काय घडलं याची चार ओळींची माहिती आपल्या गट ऑफिसात शेती विभागाच्या कर्मचाऱ्याकडं द्यावी, ती ह्या अंकात क्रमाने छापली जाईल. मालकांची संमती असल्याशिवाय कुठलंही नाव छापलं जाणार नाही.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊसशेतीच्या प्रशिक्षणाला जाणाऱ्या सभासदांनी पुण्यात दोन तास राखून ठेवावेत. ज्या मांजरीला आपण बेणं आणि माती शिकायला जातो, तिथंच जोतीराव शेती करीत होते. गंज पेठ स्वारगेटपासून लांब नाही, रिक्षावाल्याला ‘फुले वाडा’ म्हटलं की पुरतं. आत भिंतींवर त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं आहेत ती पाहून झाली, की मागच्या अंगणात जा. विहीर तिथंच आहे.